आकाशाची राखण: पाडण्याआधी दिसायला हवं

क्षितिजरेषा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

गेल्या काही वर्षांत जिथे जिथे युद्ध पेटलं, तिथून रात्रीच्या आकाशात क्षेपणास्त्रं फुटतानाचे व्हिडिओ आले. प्रत्येक वेळी चर्चा एकाच प्रश्नावर येऊन थांबली: कुणाची यंत्रणा भारी? पॅट्रियट की एस-४००, ॲरो की थाड (सगळ्या येणारं क्षेपणास्त्र किंवा विमान हवेतच पाडणाऱ्या यंत्रणा)? पल्ला किती, वेग किती, एका लाँचरवर नळकांडी किती? मला ही चर्चा अपुरी वाटते आणि खरं सांगायचं तर तिची काळजीही वाटते. देशाची भूमी हवाई हल्ल्यापासून राखायची तर पहिली लढाई दिसण्याची असते. काय येतंय ते वेळेत दिसलं नाही, किंवा दिसलेलं ओळखता आलं नाही, तर उत्तमातलं उत्तम क्षेपणास्त्र लाँचरमध्येच पडून राहतं.

एक छोटं गणित करून बघा. रडारची लहर जवळपास सरळ जाते, पृथ्वी मात्र गोल आहे. हवेमुळे लहर थोडी वाकते, ते धरून क्षितिजाचा हिशेब असा: रडारच्या अँटेनाची उंची आणि लक्ष्याची उंची मीटरमध्ये घ्यायची, दोन्हींची वर्गमुळं काढून बेरीज करायची आणि तिला ४.१२ ने गुणायचं. उत्तर किलोमीटरमध्ये मिळतं. अँटेना २० मीटर उंचीवर आहे असं धरू. १० किलोमीटर उंचीवरून येणारं विमान सुमारे ४३० किलोमीटरवर दिसू शकतं. तेच ३० मीटर उंचीवरून येणारं क्रूझ क्षेपणास्त्र (विमानासारखं, जमिनीलगत उडत येणारं) क्षितिजावर उगवतं तेव्हा ते फक्त ४१ किलोमीटरवर असतं. ताशी ९०० किलोमीटर वेगाने हे अंतर कापायला त्याला पावणेतीन मिनिटंही लागत नाहीत. तेही समोर समुद्र किंवा सपाट मैदान असेल तर. मध्ये टेकड्या आल्या की आणखी कमी. एवढ्या वेळात ते टिपायचं, आपलं की परक्याचं हे ठरवायचं, आदेश घ्यायचा, क्षेपणास्त्र सोडायचं, आणि ते चुकलं तर दुसरं सोडायचं.

म्हणजे कागदावर ४०० किलोमीटर पल्ला असलेली यंत्रणा जमिनीलगत येणाऱ्या क्षेपणास्त्रापुढे एकटी उभी असेल, तर तिचा खरा पल्ला ४० किलोमीटर असतो.

१४ सप्टेंबर २०१९ रोजी सौदी अरेबियातल्या अबकैक आणि खुरैस इथल्या तेलप्रकल्पांवर ड्रोन आणि क्रूझ क्षेपणास्त्रं आदळली. एका सकाळीत देशाचं जवळपास निम्मं तेल उत्पादन बंद पडलं. सौदीकडे पॅट्रियट होती, आणि येमेनमधून येणारी बॅलिस्टिक क्षेपणास्त्रं (रॉकेटसारखी उंच जाऊन वरून कोसळणारी) तिने आधी पाडलीही होती. पण पॅट्रियटचं रडार एका वेळी ठरावीक दिशेचाच पट्टा बघतं, आणि खुद्द सौदीने सांगितलं की हल्ला उत्तरेकडून आला. धोका दक्षिणेकडून अपेक्षित होता. वरून येणाऱ्यासाठी उभारलेल्या भिंतीच्या पायथ्याशी भोक होतं.

दिसणं पुरेसं नाही, ओळखणंही हवं, याची उदाहरणं तर ठळक आहेत. २८ मे १९८७ ला मथियास रुस्ट नावाचा १८-१९ वर्षांचा जर्मन मुलगा छोटं सेसना विमान घेऊन हेलसिंकीहून निघाला आणि मॉस्कोत रेड स्क्वेअरच्या शेजारी उतरला. सोव्हिएत रडारला तो दिसला होता. लढाऊ विमानाने जवळ जाऊन पाहिलाही होता. वाटेतल्या एकेका ठाण्याने त्याला आपलंच विमान समजून पुढे जाऊ दिलं. संरक्षणमंत्री आणि हवाई संरक्षणाचे प्रमुख दोघांचीही पदं गेली.

२०२३ च्या फेब्रुवारीत अमेरिकेवरून चिनी फुगा गेला. तो पाडल्यावर नोराडने, म्हणजे अमेरिका-कॅनडाच्या संयुक्त हवाई संरक्षण दलाने, आपल्या रडारची गाळणी बदलली. संगणक अति-संथ वस्तू पक्षी-ढग समजून पडद्यावरून काढून टाकत होता, ती मर्यादा खाली आणली. लगेच आकाशात आणखी वस्तू दिसू लागल्या आणि तीन दिवसांत तीन पाडल्या गेल्या. आकाश तेच होतं. आधीचे काही फुगे मुळात दिसलेच नव्हते, हे नोराडच्या प्रमुखांनी उघडपणे मान्य केलं.

माझं म्हणणं असं की कोणत्याही देशाने पैसा आणि डोकं आधी डोळ्यांवर, म्हणजे रडार, उपग्रह, सेन्सरचं जाळं आणि ओळख पटवण्यावर लावावं. हातावर, म्हणजे क्षेपणास्त्रांवर, नंतर. प्रत्यक्षात उलट होताना दिसतं. तुम्हाला काय वाटतं?

मध्यरात्र

चांगला धागा. पण तुम्ही सगळा भार क्रूझवर टाकलात. बॅलिस्टिकचं दुखणं वेगळं आहे आणि तिथे 'आधी डोळे' हे उत्तर पुरत नाही.

बॅलिस्टिक क्षेपणास्त्र लपत नाही. सुटताना त्याच्या ज्वाळेची उष्णता इतकी असते की इन्फ्रारेड उपग्रहांना ते काही क्षणांत कळतं. आंतरखंडीय क्षेपणास्त्राचं उड्डाण साधारण अर्ध्या तासाचं. पहिली तीन ते पाच मिनिटं इंजिन जळतं, मग २० मिनिटांच्या आसपास अवकाशातला प्रवास, शेवटी वातावरणात परत शिरणं. म्हणजे दिसतं भरपूर. अडचण त्या मधल्या टप्प्यात आहे. निर्वात पोकळीत हवेचा विरोध नसतो, म्हणून जड स्फोटकशीर्ष आणि शेजारी सोडलेला पातळ पत्र्याचा फुगा एकाच वेगाने, एकाच वाटेने जातात. खरं कोणतं आणि फसवं कोणतं, हे सेकंदाला सात किलोमीटर वेगाने जाणाऱ्या गोष्टींबद्दल ठरवायचं.

अमेरिकेची अशा क्षेपणास्त्रांसाठीची यंत्रणा २००४ पासून उभी आहे. अलास्कात आणि कॅलिफोर्नियात मिळून ४४ इंटरसेप्टर, म्हणजे येणारं क्षेपणास्त्र पाडणारी क्षेपणास्त्रं. ठरवून, तयारी करून घेतलेल्या चाचण्यांतही यश निम्म्याच्या थोडंच वर आहे. हे उत्तर कोरियासारख्या देशाच्या मोजक्या क्षेपणास्त्रांपुरतं. रशियाच्या साठ्यापुढे ४४ हा आकडा काहीच नाही, आणि अमेरिकाही तसा दावा करत नाही.

क्षितिजरेषा (धागाकर्ता)

मध्यरात्र, मुद्दा मान्य. पण बघा, तुम्ही सांगितलेली अडचणसुद्धा ओळखण्याचीच आहे. खरं आणि फसवं वेगळं करणारं रडार किंवा सेन्सर नसेल तर ४४ चे ४४० केले तरी ते फुग्यांवरच खर्च होतील.

ताळेबंद

डोळे महत्त्वाचे आहेतच, पण साठ्याबद्दल बोललंच पाहिजे, कारण युद्ध लांबलं की सगळं तिथे येऊन अडतं.

समजा एक इंटरसेप्टर दहापैकी आठ वेळा लागतो. शंभर क्षेपणास्त्रं आली आणि प्रत्येकावर एकच सोडला, तर २० आत शिरतील. प्रत्येकावर दोन सोडले तर चार शिरतील, पण तुमचे २०० इंटरसेप्टर संपले. दुसऱ्या रात्री पुन्हा शंभर आली तर? पॅट्रियटचा सध्याचा मुख्य इंटरसेप्टर, पॅक-३ एमएसई, एक सुमारे ४० लाख डॉलरचा, आणि २०२४ मध्ये वर्षभरात त्याची निर्मिती ५०० च्या घरात होती. हे सगळ्या ग्राहक देशांना मिळून! समोरून येणाऱ्या, मूळ इराणी शाहेद प्रकारच्या ड्रोनची किंमत हजार डॉलरांत मोजतात, बहुतेक अंदाज २० ते ५० हजारांमधले.

इस्रायलच्या आयर्न डोमची मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे ती काय पाडत नाही. रॉकेट सुटलं की रडार त्याचा मार्ग मोजून ते कुठे पडणार हे काढतं. मोकळ्या रानात पडणार असेल तर त्याला जाऊ देतात. हे न पाडणंच तिला परवडणारी ठेवतं. १३-१४ एप्रिल २०२४ च्या रात्री इराणने ३०० हून जास्त ड्रोन आणि क्षेपणास्त्रं सोडली, त्यातली ९९ टक्के अडवल्याचं इस्रायलने सांगितलं. पण त्या रात्री अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि जॉर्डन मदतीला होते, आणि पूर्वसूचना होती. १ ऑक्टोबर २०२४ ला १८० च्या आसपास बॅलिस्टिक क्षेपणास्त्रं एकदम आली तेव्हा नेवातिम हवाई तळावर बरीच आदळली. दोन्ही रात्री इस्रायलच्या यंत्रणा त्याच होत्या.

जुनीपाने

वाचतोय. थोडा इतिहास जोडतो, कारण धागाकर्त्यांचा मुद्दा १९४० सालीच सिद्ध झाला होता.

'ब्रिटनच्या लढाईत रडारने वाचवलं' हे वाक्य सगळ्यांनी ऐकलेलं असतं. ते अर्धंच खरं. चेन होम नावाची ती रडारं किनाऱ्यावर उभी होती आणि फक्त समुद्राकडे बघत होती. विमान डोक्यावरून आत गेलं की रडार आंधळं. खालून येणारी विमानंही त्यांना दिसत नव्हती, म्हणून चेन होम लो नावाची दुसरी साखळी जोडावी लागली. आत शिरलेल्या विमानांचा माग ऑब्झर्व्हर कोअरचे हजारो स्वयंसेवक दुर्बिणी घेऊन, उघड्यावर बसून काढत.

खरी करामत होती ती ब्रिटिश लढाऊ विमानदलाचा प्रमुख ह्यू डाउडिंग याने बसवलेल्या पद्धतीत. प्रत्येक रडार ठाण्याची बातमी फोनने बेंटली प्रायरी इथल्या मुख्यालयातल्या फिल्टर रूममध्ये यायची. विमानांची एकच टोळी तीन ठाण्यांना तीन ठिकाणी दिसायची, तिथे बसलेली माणसं त्या तीन बातम्यांतून एक खरी जागा काढायची. मग ती मोठ्या नकाशाच्या टेबलावर मांडली जायची. भिंतीवरच्या घड्याळाच्या तबकडीवर पाच-पाच मिनिटांचे लाल, पिवळे, निळे भाग रंगवलेले असत. ज्या रंगावर मिनिटकाटा असेल त्या रंगाची खूण टेबलावर ठेवायची. वरच्या सज्ज्यातून बघणाऱ्या अधिकाऱ्याला एका नजरेत कळायचं की ही बातमी आत्ताची आहे की शिळी. जुन्या रंगाची खूण दिसली की तिच्यावर विमानं पाठवायची नाहीत. मला ही रंगीत घड्याळाची युक्ती रडारइतकीच मोठी वाटते. आज संगणक हेच काम करतो, पण प्रश्न बदललेला नाही: ही बातमी किती जुनी आहे, आणि तिच्यावर किती विश्वास ठेवायचा?

पुढे १९४४ मध्ये क्रूझ आणि बॅलिस्टिक हे दोन्ही धोके एकाच वर्षी आले. १३ जूनला लंडनवर जर्मनीचा पहिला व्ही-१ उडता बॉम्ब पडला, तो आजच्या क्रूझचा पूर्वज. त्याच्यावर उपाय निघाला. तोफा किनाऱ्यावर हलवल्या, त्यांना नवं रडार, नेम काढणारं यंत्र आणि लक्ष्याजवळ जाताच आपोआप फुटणारा फ्यूज मिळाला, आणि उन्हाळा संपेपर्यंत बहुतेक व्ही-१ वाटेतच पडू लागले. ८ सप्टेंबरला व्ही-२ आला, तो बॅलिस्टिक. त्याच्यावर शेवटपर्यंत काहीच उपाय नव्हता. तो आवाजाच्या पुढे धावायचा, आधी स्फोट व्हायचा आणि मग येण्याचा आवाज ऐकू यायचा. तो थांबला तो दोस्त फौजा पुढे सरकल्यामुळे तो सोडणाऱ्या तुकड्यांना माघार घ्यावी लागल्यावरच.

अवांतर: रडार येण्याआधी ब्रिटिशांनी किनाऱ्यावर काँक्रीटच्या प्रचंड वाट्या उभारल्या होत्या, विमानाचा आवाज दुरून ऐकण्यासाठी. रडार आल्यावर त्या अडगळीत गेल्या. आता युक्रेनने खांबांवर हजारो मायक्रोफोन बसवून शाहेदच्या इंजिनाचा आवाज टिपणारं जाळं उभं केलंय. एकेका सेन्सरचा खर्च शेकड्यांत डॉलर. त्यावरून ड्रोनची वाट काढतात आणि पिकअप गाडीवर मशीनगन लावलेली पथकं त्या वाटेवर जाऊन थांबतात.

सांजवेळ

फार छान माहिती मिळतेय सगळ्यांकडून. एक शंका. उंचावरून पाहिलं तर क्षितिज दूर जातं ना? मग कायम हवेत राहणारी अवॅक्स विमानं (उडती रडारं) किंवा उपग्रह लावून हा प्रश्न का सुटत नाही? नागरिकांनी बघून कळवायचं हे आजही चालतं का, तेही सांगा.

क्षितिजरेषा (धागाकर्ता)

सांजवेळ, अगदी नेमका प्रश्न. ९ किलोमीटर उंचीवरच्या विमानातून जमिनीलगतचं लक्ष्य सूत्राप्रमाणे ४०० किलोमीटरवर दिसायला हवं. अवॅक्सचा उपयोग तोच. पण एक विमान चोवीस तास हवेत ठेवायचं तर त्याच जागेसाठी अनेक विमानं, अनेक कर्मचारी, इंधन, देखभाल लागते. अख्ख्या देशाच्या सीमेवर हे वर्षानुवर्षं करणं श्रीमंत देशांनाही जड जातं. संकटाच्या काही आठवड्यांसाठी ते उत्तम.

दुसरा उपाय दोरखंडाने बांधलेला मोठा फुगा, एरोस्टॅट. तो दिवसेंदिवस वर राहतो आणि स्वस्त पडतो. पण वारा त्याचा शत्रू. ऑक्टोबर २०१५ मध्ये अमेरिकेचा जेलेन्स फुगा मेरीलँडमधून सुटला आणि लांबलचक दोर फरफटवत, विजेच्या तारा तोडत पेनसिल्व्हेनियात जाऊन पडला. तो प्रकल्प तिथेच संपल्यासारखा झाला. मला त्याचं वाईट वाटतं, कारण मूळ कल्पना बरोबर होती.

तिसरा, क्षितिजापलीकडचं रडार. लहर वर आयनांबरावर, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावर, आपटून पलीकडे उतरते. ऑस्ट्रेलियाचं जिंदाली जाळं असं १,००० ते ३,००० किलोमीटरवर बघतं. पण त्यातून जागा ढोबळ कळते, त्यावर क्षेपणास्त्र डागता येत नाही, आणि आयनांबराच्या मर्जीवर सगळं अवलंबून. ते 'तिकडे लक्ष द्या' एवढं सांगतं. तेवढंही खूप आहे. कॅनडानेही २०२२ पासून उत्तरेसाठी अशीच रडारं घ्यायचं ठरवलंय.

उपग्रहाला रॉकेटची ज्वाळा दिसते. छोट्या जेट इंजिनाची ऊब जमिनीच्या पार्श्वभूमीवर टिपणं फारच कठीण.

आणि हो, नागरिक आजही कळवतात. युक्रेनमध्ये ऑक्टोबर २०२२ पासून एक मोबाइल ॲप आहे. ड्रोन किंवा क्षेपणास्त्र दिसलं की फोन त्या दिशेला धरून बटण दाबायचं, जागा आणि दिशा हवाई संरक्षणाकडे जाते. ऑब्झर्व्हर कोअरच ती, दुर्बिणीऐवजी फोन.

काठावरून

मी अनेक वर्षं रडारच्या पडद्यासमोर बसून काम केलं. कुठे, ते सांगत नाही. पण 'दिसणं' म्हणजे काय ते आतून सांगते.

पडद्यावर शत्रू म्हणून कुणी येत नाही. ठिपका येतो. पक्ष्यांचे थवे येतात, पावसाचे पट्टे येतात, हायवेवरच्या गाड्या येतात. पवनचक्क्यांच्या शेतावर तर पाती फिरत असल्यामुळे रडारला वाटतं की काहीतरी वेगाने हलतंय, आणि तो भाग सतत चमकत राहतो. या सगळ्याला गाळणी लावली नाही तर पडदा वाचताच येत नाही. गाळणी घट्ट केली तर हळू उडणारं ड्रोन पक्ष्यांबरोबर निघून जातं. धागाकर्त्यांनी फुग्याचं उदाहरण दिलं, ते वाचताना मला शिफ्टमधला रोजचा वाद आठवला: गाळणी किती ठेवायची?

आणि मग भीती उलट बाजूची. ३ जुलै १९८८, अमेरिकन युद्धनौका व्हिन्सेन्सने इराण एअरचं प्रवासी विमान पाडलं, २९० माणसं गेली. विमान वर चढत होतं, नौकेवरच्या माणसांना ते खाली झेपावतंय असं वाटलं. जहाजाच्या संगणकात बरोबर उंची नोंदलेली होती. मार्च २००३ मध्ये पॅट्रियटने ब्रिटिशांचं टोर्नाडो लढाऊ विमान पाडलं, आतले दोघेही गेले. ८ जानेवारी २०२० ला तेहरानहून निघालेलं युक्रेनचं विमान इराणच्या हवाई संरक्षणाने पाडलं, १७६ जण गेले. इराणच्याच अहवालाप्रमाणे ती बॅटरी (रडार आणि लाँचरचं पथक) जागा बदलून उभी केल्यावर तिची दिशा नीट जुळवलेली नव्हती. तिला विमान भलत्याच दिशेने येताना दिसलं.

म्हणून माझी विनंती अशी की 'किती पाडले' एवढंच मोजू नका. चुकीचं न पाडणं हेही हवाई संरक्षणाचंच काम आहे आणि ते जास्त अवघड आहे.

शून्यएक

काठावरून, मनापासून धन्यवाद. तुमच्या प्रतिसादामुळे लिहायचं धाडस झालं. मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे माझ्या बाजूचं एक उदाहरण.

२५ फेब्रुवारी १९९१, सौदीतलं धाहरान. इराकचं स्कड हे बॅलिस्टिक क्षेपणास्त्र अमेरिकन सैनिकांच्या निवासावर पडलं, २८ जण गेले. पॅट्रियट चालू होती, पण तिने क्षेपणास्त्र सोडलंच नाही. कारण घड्याळ. यंत्रणा वेळ सेकंदाच्या दहाव्या भागात मोजायची. एक दशांश हा आकडा संगणकाच्या द्विमान (० आणि १ च्या) पद्धतीत कधी संपत नाही, तो २४ बिटांत बसवताना शेपूट कापलं जायचं. चूक एका ठोक्याला एका सेकंदाच्या एक कोटीव्या भागाइतकी. ती बॅटरी सुमारे १०० तास न थांबता चालू होती. चूक साचत साचत एक तृतीयांश सेकंद झाली. स्कड सेकंदाला दीड किलोमीटरहून जास्त वेगाने येतं, म्हणजे रडार पुढच्या क्षणी ते जिथे शोधत होतं ती जागा अर्ध्या किलोमीटरहून जास्त चुकलेली. तिथे काही नव्हतं, म्हणून संगणकाने ठिपका खोटा ठरवला.

सगळ्यात टोचणारी गोष्ट पुढे आहे. इस्रायलींनी दोन आठवडे आधीच कळवलं होतं की आठ तास सलग चालवलं की नेम सरकतो. दुरुस्त सॉफ्टवेअर तयारही झालं. मधल्या काळात बॅटऱ्यांना कळवलं की 'फार वेळ' सलग चालवू नका. फार वेळ म्हणजे किती, ते कुणी लिहिलं नाही. बंद करून पुन्हा चालू करायला एक-दीड मिनिट पुरलं असतं. दुरुस्ती धाहरानला पोहोचली २६ फेब्रुवारीला.

ताळेबंद यांच्या गणिताला हे जोडून वाचा. दोन इंटरसेप्टर सोडले तर चारच आत शिरतील, हे दोघांची चूक स्वतंत्र असेल तरच. घड्याळच चुकलेलं असेल तर दोन काय, दहा सोडले तरी एकाच चुकीच्या जागी जातील.

मध्यरात्र

शून्यएक +१. याच जातीचं ताजं उदाहरण: १९ जुलै २०२४ ला येमेनमधून आलेलं ड्रोन तेल अवीवमध्ये पडलं, एक जण गेला. इस्रायली लष्कराने सांगितलं की ते दिसलं होतं, पण माणसाच्या चुकीमुळे धोका म्हणून नोंदलं गेलं नाही. म्हणजे धागाकर्त्यांचा मुद्दा मला आता जास्त पटतोय.

पण एक मोठा आक्षेप राहतोच. भक्कम ढाल ही समोरच्याला चिथावणी असते. तुम्ही ढाल उभारली की तो भाले वाढवतो. म्हणूनच १९७२ मध्ये अमेरिका आणि सोव्हिएत संघाने करार केला आणि क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणा दोन ठिकाणांपुरती, नंतर एकाच ठिकाणापुरती मर्यादित केली. अमेरिकेने नॉर्थ डकोटात सेफगार्ड उभारली, ती १ ऑक्टोबर १९७५ ला पूर्ण कार्यान्वित झाली, आणि दुसऱ्याच दिवशी प्रतिनिधिगृहाने ती बंद करण्याच्या बाजूने मत दिलं. २००२ मध्ये अमेरिका त्या करारातून बाहेर पडली. आता अमेरिकेचीच 'गोल्डन डोम' या नव्या क्षेपणास्त्रविरोधी ढालीची योजना आहे, मे २०२५ मध्ये त्याचा खर्च १७५ अब्ज डॉलर सांगितला गेला. हे चक्र कुठे थांबणार?

क्षितिजरेषा (धागाकर्ता)

अण्वस्त्रधारी क्षेपणास्त्रांबद्दल तुमचा आक्षेप खराच आहे. तिथे ढाल आणि भाला यांचं नातं राजकारणाने सोडवायचं, इंजिनिअरिंगने नव्हे. पण वीजकेंद्रावर ड्रोन पाठवणाऱ्याला तुमची ढाल बघून चिथावणी मिळत नाही. ती नसेल तर मोह मात्र होतो. आणि नुसत्या डोळ्यांनी कुणालाच चिथावणी मिळत नाही. लवकर बघणारं रडार दोन्ही बाजूंना घाईचा निर्णय टाळायला वेळ देतं. मला सेन्सरवर आधी खर्च करावा असं वाटण्याचं हेही कारण आहे.

पायवाट

सगळं वाचलं. एका गोष्टीवर कुणी बोललं नाही: खाली राहणाऱ्या माणसांचं काय? काही आत शिरणारच, हे सगळ्यांनी मान्य केलंय. मग उरतो तो निवारा आणि इशारा.

फिनलंडमध्ये ५० हजारांहून जास्त निवारे आहेत, ५५-५६ लाखांच्या देशात सुमारे ४८ लाख माणसं मावतील इतके. हे शांततेच्या काळात, इमारती बांधतानाच केलेलं काम आहे. युक्रेनने मोठ्या ट्रान्सफॉर्मरभोवती आधी दगड-वाळूच्या जाळ्या आणि मग काँक्रीटची कवचं उभारली. ड्रोन पाडता आलं नाही तरी त्याचे तुकडे ट्रान्सफॉर्मरला लागू नयेत एवढा साधा हेतू. असा एक मोठा ट्रान्सफॉर्मर नवीन मिळायला कितीतरी महिने जातात, तेव्हा ही भिंत म्हणजे इंटरसेप्टरइतकंच संरक्षण आहे.

इशाऱ्याचंही तसंच. १३ जानेवारी २०१८ ला हवाईमध्ये सगळ्यांच्या फोनवर क्षेपणास्त्र येत असल्याचा संदेश गेला. खोटा होता. 'चुकीचा संदेश होता' असं फोनवर कळायला ३८ मिनिटं लागली. इशारा देणारी व्यवस्था होती, परत घेणारी तयार नव्हती. असं एकदा झालं की पुढच्या खऱ्या इशाऱ्याला लोक हलत नाहीत.

ताळेबंद

पायवाट, हे वाचून माझ्या हिशेबात एक रकाना वाढला. भिंत एकदा बांधली की ती रोज वापरली तरी संपत नाही. इंटरसेप्टर संपतो.

यात आणखी एक जोडायला हवं. १ जून २०२५ ला युक्रेनने ट्रकमधून लपवून नेलेल्या ड्रोननी रशियाच्या आतल्या हवाई तळांवर हल्ला केला. त्यातला बेलाया तळ युक्रेनच्या सीमेपासून ४,००० किलोमीटरहून दूर होता. सीमेवरच्या कोणत्याही रडारचा इथे उपयोग नव्हता, कारण ड्रोन तळाजवळूनच उडाले. विमानं उघड्यावर उभी होती. तिथे पक्क्या छताचे हँगर असते तर बरंच वाचलं असतं.

सांजवेळ

शेवटचं विचारते. दिसलं, ओळखलं, वेळही आहे. मग पाडण्याचा आदेश कुणी द्यायचा? प्रवासी विमानच हत्यार म्हणून येत असेल तर?

क्षितिजरेषा (धागाकर्ता)

११ सप्टेंबर २००१ ला हा प्रश्न प्रत्यक्षात आला. नोराडकडे तेव्हा अख्ख्या खंडीय अमेरिकेसाठी सात ठिकाणी मिळून १४ लढाऊ विमानं तयारीत होती, आणि सगळी मांडणी बाहेरून येणाऱ्या धोक्यासाठी. पाडण्याची परवानगी वरून निघाली, पण ती वैमानिकांपर्यंत पोहोचली नाही, हे चौकशी आयोगाने नोंदवलंय. जर्मनीने नंतर असं विमान पाडण्याची मुभा देणारा कायदा केला. १५ फेब्रुवारी २००६ ला तिथल्या घटनात्मक न्यायालयाने ते कलम रद्द केलं. निरपराध प्रवाशांना मारून इतरांना वाचवण्याचा अधिकार राज्याला नाही, असा निकाल. मला तो निकाल बरोबर वाटतो. त्याचा अर्थ असा की कॉकपिटचा दरवाजा आणि विमानतळावरची तपासणी हाही हवाई संरक्षणाचा पहिला थर आहे.

ड्रोन आणि क्षेपणास्त्रांबाबत मात्र पावणेतीन मिनिटांत मंत्र्याला फोन लावता येत नाही. अधिकार आधीच खाली दिलेला हवा, आणि कोणत्या परिस्थितीत तो वापरायचा हे शांततेत लिहून, सराव करून ठेवलेलं हवं.

काठावरून

त्यात एक ओळ माझ्याकडून घाला. बॅटरीवरच्या अधिकाऱ्याला डागण्याचा अधिकार खाली दिला, की त्याच क्षणी त्या भागातली नागरी उड्डाणं थांबली पाहिजेत. दोन्ही आदेश एकाच कागदावर हवेत. युक्रेनने २४ फेब्रुवारी २०२२ ला पहाटेच आपलं आकाश प्रवासी विमानांसाठी बंद केलं. तेहरानमध्ये त्या जानेवारीच्या रात्री हवाई संरक्षण पूर्ण सज्ज होतं, अमेरिकेच्या प्रतिहल्ल्याची वाट बघत होतं, आणि विमानतळ चालू होता. त्या विमानाच्या आधी काही विमानं तिथून उडूनही गेली होती. पडद्यासमोर बसलेल्या माणसाने प्रत्येक ठिपक्याकडे संशयाने बघायचं आणि त्यातले बहुतेक ठिपके प्रवाशांनी भरलेले असायचे, ही वेळ कुणावर आणूच नये.